द्रोणागिरीतील निद्रानाश

घरगुती संगणक एक तर चालू असतो किंवा बंद असतो, ही सर्वसाधारण समजूत विजेच्या दिव्यावरून आलेली आहे आणि दिव्यापुरती ती बरोबरही आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये ‘एसीपीआय’ या नावाची जी नियमावली प्रसिद्ध केली, तिने चालू आणि बंद यांच्या दरम्यान झोपेच्या अनेक पायऱ्या बांधल्या आणि कोणत्या पायरीवर यंत्राच्या कोणत्या भागाला वीज द्यायची हेही ठरवून टाकले. या सगळ्या व्यवहाराला वीज व्यवस्थापन म्हणतात. मांडूक्य उपनिषदाने माणसाचे काम जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्थांत भागवले आहे. यंत्राला सहा लागतात.

त्यांपैकी एस-० ही जागेपणाची अवस्था होय. एस-१ आणि एस-२ या डुलक्या असून आजच्या यंत्रांत त्या क्वचितच आढळतात. एस-३ म्हणजे ज्याला सर्वजण ‘स्लीप’ म्हणतात ती झोप, जिच्यात प्रोसेसर, पंखा, डिस्क असे सगळे थंडावते आणि फक्त रॅम या तात्पुरत्या स्मृतीला वीज मिळत राहते, कारण ही स्मृती जात्याच इतकी विसराळू आहे की तिच्या प्रत्येक कप्प्यात काय ठेवले आहे हे तिला साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा सांगावे लागते. एस-४ म्हणजे ‘हायबरनेट’. हिच्यात स्मृतीतील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून घेतला जातो, त्यामुळे वीज गेली तरी बिघडत नाही. एस-५ म्हणजे रीतसर बंद, परंतु या बंद अवस्थेतही वीजपुरवठ्याच्या पेटीतून पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह मदरबोर्डकडे चालूच असतो, जेणेकरून पुढचे बटण दाबल्याचे कोणाला तरी कळावे. भिंतीवरचे बटण बंद करणे ही याच नियमावलीत ‘मेकॅनिकल ऑफ’ या नावाने नोंदलेली निराळी अवस्था आहे, आणि मराठी घरातील ज्येष्ठ मंडळी ज्याला ‘बंद’ म्हणतात ते एवढेच. बाकीच्या सर्व अवस्था त्यांच्या हिशेबी ‘चालू’ या एकाच सदरात पडतात.

या विषयाच्या अभ्यासाला रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील द्रोणागिरी ही सिडकोची वसाहत विशेष सोयीची आहे. सेक्टरांचे आखीव रस्ते, त्यांवर न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर, बाजूला खाडीची खाजण जमीन, समुद्रावरून येणारी खारी हवा आणि पाठीमागे करंजाच्या अंगाला गेलेला द्रोणागिरीचा डोंगर, असा तिचा थाट आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे ज्या दिवशी अटल सेतूचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, तोपर्यंत खारकोपरला येऊन थांबणारी लोकल उरणपर्यंत धावू लागली आणि वाटेत द्रोणागिरी हे स्थानकही आले. गाडी आली तरी ज्यांना रोज तिच्यात बसायचे नाही अशा, घरून काम करणाऱ्यांची एक जात मधल्या काळात तयार झालेली होती. खालच्या मजल्यावर पाण्याच्या टँकरची वाट पाहणे आणि वरच्या मजल्यावर संगणक झोपेतून उठण्याची वाट पाहणे हे दोन्ही उद्योग या वसाहतीत सारख्याच चिकाटीने चाललेले आढळतात.

दोषनिवारणाच्या पुस्तकांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की यंत्राचे वीज व्यवस्थापन यंत्रच करते. प्रत्यक्षात कोणत्याही मराठी घरात दोन वीज व्यवस्थापने एकाच वेळी चालू असतात. एक यंत्राच्या पोटात असते; दुसरे रात्री साडेदहाला, दाराची कडी आणि गॅसचे बटण तपासून झाल्यावर, स्विचबोर्डाकडे येते. पहिल्याला एसीपीआयचा आधार आहे, दुसऱ्याला वीजबिलाचा. संगणक स्लीपमध्ये असताना त्याच्या दर्शनी भागावरचा दिवा मंदपणे उघडमीट करीत असतो, आणि निर्मात्याच्या दृष्टीने ‘मी झोपलो आहे, हलवू नका’ असे सांगणारी ही खूण आजोबांच्या दृष्टीने ‘मी चालू आहे, बंद करा’ असे सांगते. आजोबा बंद करतात. रॅमला शेवटच्या ६४ मिलिसेकंदांनंतर काहीच आठवत नाही, आणि सकाळी सून किंवा नातू न जतन केलेल्या हिशेबाच्या तक्त्याबद्दल घरात विचारणा करतो तेव्हा ‘मी तर फक्त दिवा घालवला’ हे उत्तर मिळते, जे शब्दशः खरे असते.

आजोबांच्या बाजूनेही इतिहास उभा आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संगणकाच्या पेटीला खरोखरचे बटण असे. ते विजेची वाट प्रत्यक्ष तोडत असे. ‘विंडोज ९५’ ही प्रणाली आपले सर्व आवरून झाले की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत आता संगणक बंद करण्यास हरकत नाही असे जाहीर करी आणि मग माणसाने उठून बटण दाबावे अशी वाट पाहत बसे. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ ही रचना आणली आणि ती रूढ होत गेली तसे बटणाचे अधिकार काढून घेतले गेले. तेव्हापासून पेटीवरचे बटण हे आदेश राहिलेले नाही, तो अर्ज झाला आहे. तो मदरबोर्डकडे जातो, तिथून प्रणालीकडे जातो, प्रणाली तो उघड्या असलेल्या प्रत्येक कार्यक्रमापुढे ठेवते आणि एखाद्या कार्यक्रमाने हरकत घेतली तर तो तिथेच पडून राहतो. अर्थात बटणावर चार-पाच सेकंद बोट दाबून धरण्याचीही तरतूद आहे. अर्जावर एवढे वजन ठेवले की कोणाचीही हरकत न विचारता तो तत्काळ मंजूर होतो.

२०१२ मध्ये ‘विंडोज ८’ने यात आणखी एक गुंता घातला. तिच्यात ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली, जिच्यामुळे ‘शट डाउन’ निवडले की वापरणाऱ्याचे कार्यक्रम बंद होतात, परंतु प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो बंद न होता डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत उचलला जातो. परिणाम असा की पंधरा दिवस रोज रात्री इमानाने बंद केलेला संगणक आतून पंधरा दिवस जागाच असतो, आणि साचलेल्या सगळ्या चुका तो रोज सकाळी ताज्या करून आणतो. उलट ‘रीस्टार्ट’ या पर्यायात मात्र गाभा खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होतो. म्हणजे संगणक पुरता बंद करायचा असेल तर तो पुन्हा सुरू करावा लागतो. हे वाक्य कोणत्याही समंजस माणसाला चारदा सांगूनही पटत नाही, आणि त्याला पटू नये यातच त्याच्या बुद्धीचा निरोगीपणा दिसून येतो.

तक्रारींचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात: जो झोपत नाही तो, आणि जो उठत नाही तो. न उठणाऱ्या यंत्राचे प्रकरण तुलनेने सरळ असते. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच राहतो, आणि बहुधा ग्राफिक्स कार्डाचा चालक, म्हणजे ड्रायव्हर या नावाचा प्रणाली आणि सुटा भाग यांच्यातला दुभाषी, झोपेत आपली भाषा विसरलेला निघतो. नवा ड्रायव्हर घालावा, किंवा नुकताच नवा घातला असेल तर जुना परत आणावा, असा दोन्ही बाजूंनी खरा ठरणारा सल्ला यावर दिला जातो. न झोपणाऱ्या यंत्राची गोष्ट मात्र अधिक रम्य आहे. रात्री तीनच्या सुमारास खोलीत कोणी नसताना संगणक आपोआप उठतो, पडदा उजळतो, पंखा सुरू होतो आणि भिंतीवर निळसर प्रकाश पडतो. घरातील एक पक्ष याचे कारण हॅकर असल्याचे मानतो, दुसरा पक्ष वास्तूत पाहतो, आणि घर घेताना आग्नेय दिशेविषयी आपण काय म्हणालो होतो याची आठवण करून देतो.

खरे कारण शोधण्यासाठी विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ नावाची एक आज्ञा आहे. तिला ‘लास्टवेक’ असे पुढे जोडून विचारले की यंत्राला शेवटचे कोणी उठवले हे सांगणे तिचे काम. ती पुष्कळदा ‘अज्ञात’ असे उत्तर देते. ‘रिक्वेस्ट्स’ असे जोडून विचारले तर यंत्राला झोपू न देणाऱ्यांची यादी मिळते, आणि तिच्यात एखाद्या वेळी आवाजाचा प्रवाह चालू असल्याची नोंद सापडते, जिचा माग काढत गेल्यास ब्राउझरच्या सतराव्या खिडकीत हरिपाठ अर्धवट सोडून दिलेला आढळतो. कधी ‘लेगसी कर्नल कॉलर’ असे नाव येते. याचा अर्थ जुन्या पद्धतीने विनंती करणारा, स्वतःचे नाव न सांगणारा कोणीतरी, आणि अशी एक व्यक्ती प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या तक्रार वहीतही असतेच. रात्री तीनचे प्रकरण बहुधा ‘वेक टायमर’चे निघते, म्हणजे प्रणालीने स्वतःच्या अद्ययावतीकरणासाठी लावलेला गजर, वीजयोजनेच्या प्रगत पर्यायांत जाऊन तो बंद करता येतो. त्याखेरीज नेटवर्क कार्डाला आणि माउसलाही यंत्र उठवण्याचा अधिकार दिलेला असतो. प्रकाशाच्या किरणावर चालणारा माउस चकचकीत टेबलावर ठेवलेला असेल आणि खालच्या रस्त्याने भरलेला ट्रेलर गतिरोधकावरून गेला, तर टेबलाच्या थरथरीलाच तो हालचाल समजण्याची शक्यता असते. अशा वेळी परदेशाहून आलेला कंटेनर द्रोणागिरीच्या तिसऱ्या मजल्यावरील संगणकाला जागे करतो, आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराचा घरगुती वीजबिलावर होणारा हा परिणाम अर्थशास्त्राने अद्याप विचारात घेतलेला दिसत नाही. उपाय साधा आहे: डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या नावापुढे जाऊन ‘या उपकरणाला संगणक जागा करू द्यावा’ ही खूण काढून टाकायची, किंवा माउस पालथा ठेवायचा.

इथपर्यंत कोणी पोहोचत नाही, ही अडचण आहे. कारण दोषनिवारणाची जी पद्धत आपल्याकडे सर्वाधिक प्रतिष्ठित आहे, तिचे मूळ याच डोंगराच्या नावात आहे. लक्ष्मणासाठी संजीवनी आणायला गेलेल्या हनुमंताला द्रोणागिरीवर नेमकी वनस्पती ओळखता आली नाही, तेव्हा त्याने वेळ न दवडता अख्खा पर्वत उचलला. आणि तो नेत असताना त्याचा एक तुकडा इथे समुद्रकाठी पडला, असे उरणकडचे लोक सांगतात. संगणक दुरुस्त करणारा माणूस घरी येतो तेव्हा तो हीच परंपरा पुढे चालवत असतो. बिघाड एका खुणेत आहे, एका ड्रायव्हरात आहे, की दोन रुपयांच्या सैल पिनेत आहे, हे ओळखत बसण्यापेक्षा तो पूर्ण प्रणाली उचलतो, म्हणजे ‘फॉरमॅट’ मारतो. फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरील सर्व काही पुसून प्रणाली नव्याने बसवणे. पद्धत म्हणून ती वाईट नाही, रोगी वाचतो हे खरेच. फक्त तिच्यात डोंगरावर राहणाऱ्यांचा विचार झालेला नसतो. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातही द्रोणागिरी नावाचे एक गाव आहे आणि आपला पर्वत नेल्याबद्दल तेथील लोक हनुमानाची पूजा करीत नाहीत. ज्यांचे लग्नाचे फोटो ‘डेस्कटॉप’वर होते आणि ज्यांना ‘बॅकअप घेतला होता ना?’ हा प्रश्न फॉरमॅटनंतर विचारण्यात आला, त्यांना या गावकऱ्यांची भूमिका अतिरेकी वाटत नाही.

फॉरमॅटपूर्वीचा सौम्य उपचार म्हणजे रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासणे. हा उपाय ऐकायला कितीही गावठी वाटला तरी खाडीकाठच्या वसाहतीत तो अनेकदा लागू पडतो, कारण खाऱ्या दमट हवेमुळे जोडांवर जो सूक्ष्म थर चढतो तो खरोखरच निघून जातो. खोडरबराचा चुरा आत पडू देऊ नये, एवढे पथ्य आहे.

आता भिंतीच्या पलीकडील विजेकडे वळले पाहिजे. द्रोणागिरीच्या शेजारी बोकडवीरा येथे महानिर्मितीचे वायूवर चालणारे वीज केंद्र आहे. त्याची स्थापित क्षमता ६७२ मेगावॉट आहे. आपल्या अंगणात वीज तयार होत असताना आपला संगणक वीज गेल्यामुळे बंद पडतो, हा स्थानिक रहिवाशाला सर्वांत जास्त झोंबणारा मुद्दा होय, आणि दिव्याखाली अंधार ही म्हण त्याला अशा वेळी शास्त्रीय सिद्धांतासारखी वाटू लागते. परंतु केंद्रात तयार झालेली वीज शेजारधर्म पाळत नाही. ती उच्च दाबाने राज्याच्या जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये जाते आणि तिथून उपकेंद्रे, रोहित्रे, खांब आणि केबल अशी मजल दरमजल करीत घरी येते, व शेवटच्या खांबावरच्या फ्यूजला जवळच्या कारखान्याची ओळख सांगून उपयोग होत नाही. जाळे म्हणजे काय याचा प्रत्यय १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी आला, जेव्हा कळवा-पडघा भागातील उच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबई एकदम अंधारली. करोनाच्या त्या दिवसांत घरून काम करणाऱ्या लक्षावधी लोकांना त्या दिवशी कार्यालयाला कळवण्यासारखे, पडताळून पाहता येईल असे आणि संपूर्ण खरे कारण मिळाले.

याच तालुक्यातील घारापुरी बेटाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. शतकानुशतके जगभरचे लोक जिथली लेणी पाहायला येत होते, त्या बेटावर समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर केबलमधून कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले आणि नंतर सगळे बेट एकाच वेळी झोपी जाई. वीज व्यवस्थापन म्हणून ही योजना निर्दोष होती. तिच्यात कोणी रात्री तीनला उठत नसे.

वीज पूर्ण जाणे हे यंत्राला सोसते. तिचे डोळे मिचकावणे सोसत नाही. संगणकाची वीजपुरवठा पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात, ती बाहेरची वीज तुटल्यावर स्वतःजवळच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरते. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे पावसात तारेला फांदी घासून एक आवर्तन जरी हुकले तरी पंख्याला पत्ता लागत नाही, ट्यूबलाइट लवते न लवते, आणि संगणक मात्र पहिल्यापासून सुरू होतो. यानंतर प्रणाली आपल्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ या क्रमांकाची अतिगंभीर नोंद करते, जिचा आशय इतकाच असतो की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले आहे. कारण विचारायला गेलेल्या माणसाला कार्याचेच साद्यंत वर्णन ऐकवणारी ही नोंद पंचनाम्याच्या उत्तम परंपरेत बसते.

म्हणून यूपीएस घेतला जातो. हे उपकरण वीज गेल्यावर काही मिलिसेकंदांत आपल्या बॅटरीवरून पुरवठा सुरू करते आणि माणसाला काम जतन करून यंत्र बंद करण्याइतकी उसंत देते. त्याच्या खोक्यावर ६०० व्हीए असे लिहिलेले असते आणि ग्राहक ते ६०० वॉट असे वाचतो. प्रत्यक्षात अशा स्वस्त उपकरणातून बहुधा ३६० वॉटच मिळतात, पण ही गोष्ट खोक्यावर ज्या आकाराच्या अक्षरांत लिहिलेली असते ती वाचायला वेगळे उपकरण लागते. आत बारा व्होल्टची, सात अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत निकामी होते. ती निकामी झाली हे कळण्याचा मार्ग म्हणजे वीज जाणे. तोवर यूपीएस टेबलाखाली पाय ठेवायला आणि वर झाडाची कुंडी ठेवायला उपयोगी पडत असतो. वीज गेल्यावर चालू यूपीएस ठरावीक अंतराने ‘पीं’ असा आवाज काढतो. त्याचा हेतू संगणक बंद करा असे सुचवण्याचा असला तरी घरात त्याचा अर्थ यूपीएस बंद करा असा घेतला जातो, आणि दुपारची झोप मोडलेली व्यक्ती ते काम संगणकासकट पार पाडते.

अर्थिंगचा, म्हणजे वीज जमिनीत उतरवण्याच्या तिसऱ्या तारेचा प्रश्न इतका हसण्यावारी नेता येत नाही. संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावला की मुंग्या येतात, या तक्रारीवर ‘चप्पल घाला’ हे उत्तर सर्वत्र दिले जाते. वस्तुस्थिती अशी की एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी छोटे संधारक बसवलेले असतात, आणि तिसरी तार जमिनीपर्यंत पोहोचतच नसेल तर पेटी मुख्य विजेच्या जवळजवळ निम्म्या दाबावर तरंगत राहते. प्रवाह अगदी क्षीण असतो म्हणून निभावते. दोन भोकांच्या जुन्या बोर्डात बसावी म्हणून तीन पिनांपैकी वरची जाड पिन कापून टाकणे हा यावरचा रूढ उपाय नसून रूढ अपाय आहे. चप्पल घालणाऱ्याने ती घालावीच. मात्र त्याच पायाने वायरमनकडेही जावे.

राहता राहिले आजोबांचे काटकसरीचे गणित. एक वॉट वीज वर्षभर अखंड जळली तर ८.७६ युनिट होतात. आधुनिक संगणक रीतसर बंद असताना साधारण तेवढीच किंवा त्याहून कमी वीज खातो, म्हणजे वर्षभर रोज रात्री उठून भिंतीवरचे बटण बंद केल्याने जे वाचते, ते दोन किलोवॉटचा गीझर साडेचार तासांच्या आत संपवतो. बरे, मुख्य पुरवठा तुटला की संगणकातील घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ या सेलवर चालू लागते आणि तो सेल लवकर उतरतो. मग एके सकाळी यंत्राला काही वर्षांपूर्वीची तारीख वाटू लागते, बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, कारण त्याचे सुरक्षा प्रमाणपत्र यंत्राच्या मते अजून जन्मालाच आलेले नसते, आणि पेन्शन जमा झाली का हे आजोबांना पाहता येत नाही. हा हिशेब त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनी गीझरही बंद ठेवण्यास सुरुवात केल्याची उदाहरणे आहेत.

लॅपटॉपमुळे हे सर्व सुटेल असे मानणारा एक वर्ग आहे. त्यांच्याकडे बटणाचे भांडण नाही हे खरे, पण लिथियमची बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम ठेवली की लवकर म्हातारी होते, म्हणून निर्मात्यांनी तिला ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिली, आणि घरोघर ती बिघाड म्हणून ओळखली जाते. पूर्ण पैसे मोजून ऐंशी टक्केच का घ्यायचे, याला उत्तर नाही.

एवढ्या चौकशीनंतर घरात शांतता नांदावी म्हणून बहुतेक कुटुंबांत अखेरीस तह होतो: संगणक स्लीपऐवजी हायबरनेटवर ठेवायचा, फास्ट स्टार्टअप काढून टाकायचे, आणि भिंतीवरच्या बोर्डावर ‘हे बटण बंद करू नये’ असा कागद चिकटपट्टीने लावायचा. बोर्डावर सहा बटणे असतात. कागद तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध लावलेला असतो, आणि त्यांपैकी एक बटण वायफायच्या राउटरचे असते व दुसरे देवघरातील माळेचे, संगणकाचे पाचवे.